मागची सीट किती लांब

आमच्या मोठ्या गाडीचा वास मला अजून आठवतो. खरं सांगायचं तर आठवत नाही, येतो. मासळीचं पाणी, डिझेल, ओल्या गोणपाटाची कुबट घाण, आणि या सगळ्यावर मी सकाळी ओतलेलं फिनेल. फिनेलने वास जात नसे. त्यात आणखी एकाची भर पडे, इतकंच.

ती गाडी पोर्तुगीज अमलात कुठल्यातरी भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, परदेशातून मागवली होती. मुरगावला बोटीतून उतरवली तेव्हा बघायला माणसं जमली होती, असं बाबा सांगत. ती आमच्याकडे आली तोवर तिचा रंग कुठला होता हे सांगणं कठीण झालं होतं. बाबा तिच्यावर पेडणे ते म्हापसे अशी शेअर टॅक्सी चालवत. पुढे सलग बाक, त्यावर बाबांसकट चौघे. मागे सहा, कधी सात. डिकीत मासळीच्या पाट्या. किनाऱ्याकडच्या मासळीवाल्या पेडण्याच्या बाजारात न खपलेला माल घेऊन म्हापशाला जात, आणि त्यांच्या पाट्यांतलं पाणी डिकीतून मागच्या सीटखाली झिरपे. धारगळच्या वळणावर रोज कुणीतरी एकजण खिडकीतून ओकायचा. खिडकी गाठता आली नाही तर आतच.

सकाळी गाडी धुवायचं काम माझं होतं. बालदी, खराटा, फिनेल. सीटच्या सांधीत काय काय सापडे ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो: सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, सालं, सुकलेली पानाची थुंकी, एकदा लहान मुलाचा दुपट्यात गुंडाळलेला सगळा उद्योग. हात धुऊन मी त्याच गाडीत पुढे बसून कॉलेजला जात असे. घरातला कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बाबा कॉलेजच्या फाटकासमोरच गाडी थांबवायचे, भोंगा वाजवून. मी त्यांना किती वेळा सांगितलं की कोपऱ्यावर सोडा. ते म्हणायचे, "कोपऱ्यार कित्याक? फाटक आसा न्हय?"

वर्गात माझ्या बाजूला बसणारा मुलगा एकदा माझ्या बाहीकडे नाक नेऊन म्हणाला, "आज बांगडे की तारले रे?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी संध्याकाळी मी गाडी पुन्हा धुतली.

गोवा राज्य होऊन एखाद-दोन वर्षं झाली होती. भिंतींवर डांबराने लिहिलेल्या घोषणा अजून पुसल्या गेल्या नव्हत्या. काही कोकणीसाठी, काही मराठीसाठी. आम्ही मुलं त्यावरून कँटीनमध्ये भांडायचो. मी घरी बोलायचो एक आणि वहीत लिहायचो दुसरं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं मला पटायचं आणि मी गप्प बसायचो. माझा स्वभावच तसा. मत द्यायची वेळ आली की मी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. आयुष्यात एकदाच ठामपणे मत दिलं, ते गाडीबद्दल.

पण त्याआधी आईच्या पायाबद्दल सांगायला हवं.

माझ्या जन्माआधी आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. उजवा पाय बरेच महिने प्लास्टरमध्ये होता, आणि प्लास्टर काढलं तेव्हा गुडघा आखडून गेला होता तो गेलाच. पाय सरळ, लाकडासारखा. घरात ती काठी घेऊन सगळं करायची. बसमध्ये मात्र तिला बसता येत नसे. पाय वाटेत आडवा येई, चढणारे-उतरणारे अडखळत, कंडक्टर ओरडे. म्हणून ती कुठेच जात नसे. वर्षातून एकदा फक्त माहेरी. माहेर डिचोलीकडचं, आमोणे, मांडवीच्या काठी. तिथल्या देवळाच्या काल्याला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, ती जायची. तिचा थोरला भाऊ तिथे एकटा होता. शेती करायचा, आणि त्याच्या छातीचं दुखणं दरवर्षी थोडं वाढत होतं.

त्या दिवशी बाबा स्टँडवर जात नसत. मागच्या सीटवर चादर अंथरायची, दाराला उशी टेकवायची, आणि आई उशीला पाठ लावून आडवी बसायची, पाय समोर सरळ. टाचेच्या पुढेही वीतभर जागा उरायची. पेडण्याहून म्हापसे, म्हापशाहून अस्नोडा, डिचोली, आमोणे. सगळा रस्ता ती खिडकीतून बोलत राहायची. हे शेत कुणाचं, ह्या घराचं छप्पर कधी बदललं. घरी दिवसाला दहा वाक्यं बोलणारी बाई. बाबा म्हणायचे, "भाटकारीण बसली आमची!" आणि ती म्हणायची, "बसली मगे! तुमी गाडी सारकी चलयात."

त्या दिवशीही वास यायचा. चादरीतून वर यायचा. मी पुढे बसून नाक काचेबाहेर काढायचो.

मग छोट्या गाड्या आल्या. पांढऱ्या, डबीसारख्या, आवाज न करणाऱ्या. म्हापशाच्या स्टँडवर एकाने घेतली, मग दुसऱ्याने. नोकरीवाले उतारू आमच्या गाडीकडे बघून पुढच्या गाडीकडे जायला लागले. एक मास्तर तर धोतर वर धरून म्हणाले, "ह्या गाडीत बसलं की घरी जाऊन न्हावं लागतं." बाबांनी ते हसण्यावारी नेलं. मला ते बोलणं अंगाला चिकटल्यासारखं वाटलं.

एका रविवारी बाबा मला म्हणाले, "तूं शिकलोलो. तूं सांग. धाकटी गाडी घेवची काय हीच बरी?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी फुलस्केप कागद घेतला, मधोमध पट्टीने रेघ मारली. डावीकडे मोठी, उजवीकडे छोटी. तेल किती पिते. सुटे भाग कुठे मिळतात: मोठीचे मुंबईच्या भंगारात, छोटीचे म्हापशात. अरुंद गल्लीत वळते का. घाटात तापते का. किती माणसं बसतात यात मोठी जिंकली, पण तिथे मी लिहिलं, "माणसे कोंबली जातात." शेवटी लिहिलं, "स्वच्छता", आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. माझ्या अक्षराचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. आई चुलीकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. वाचून झाल्यावर तिने मागच्या सीटचं विचारलं, "फाटली सीट कितली लांब आसा रे तिची?"

मी म्हणालो, "तीन जाणां आरामात बसतात, आई."

ती म्हणाली, "बरें."

मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. 

बाबांना कागद पटला, तरी त्यांना देवाचा कौल हवा होता. आमच्याकडे घर बांधायचं, मुलगी द्यायची, बैल घ्यायचा, काहीही असलं तरी कौल घेतात. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव आपली अडचण मोठ्याने देवाला सांगतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. आणि जुनी माणसं सांगतात की घरातली जुनी वस्तू, मग ते जनावर असो की झाड, घालवायची असेल तर आधी तिचा निरोप वेगळा मागायचा, नंतर नव्याचं बघायचं.

काय विचारायचं ते बाबांनी मलाच गुरवाला सांगायला लावलं. मी सांगितलं, "नवी धाकटी गाडी घेवची काय?" गुरवाने तसं गाऱ्हाणं घातलं. आम्ही हात जोडून उभे राहिलो. थोड्याच वेळात उजवी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली. बाबांनी डोळे पुसले.

गुरव म्हणाला, "आनीक कितें इचारपाचें आसा?"

मला दहाचा तास गाठायचा होता. मी म्हणालो, "ना, जालें."

मोठी गाडी विकायची की नाही हे देवाला कुणी विचारलंच नाही.

समुद्राकडे मोरजीला एकाने नवं हॉटेल घातलं होतं, त्याने ती नेली. नेताना आईने काठी टेकत येऊन बॉनेटवर कुंकू लावलं. मी खराटा आणि फिनेलची बाटली उचलून मागच्या पडवीत नेऊन टाकली. मनात म्हटलं, सुटलो.

छोटी गाडी आली. सीटवरचं प्लास्टिक बाबांनी काढलं नाही. कुणी ते काढायला हात लावला तर म्हणत, "रांव दी, नवें आसा." समोर काचेपाशी एका उतारूने भेट दिलेली अत्तराची बाटली चिकटवली होती, गुलाबी पाण्याची. उन्हात गाडी तापली की प्लास्टिक, गोंद आणि तो गुलाबी वास मिळून असं काही होई की घशाशी यायचं. पहिल्याच आठवड्यात धारगळच्या वळणावर मी ओकलो. मी, ज्याने इतकी वर्षं दुसऱ्यांची ओकारी धुतली. मांडीखालचं प्लास्टिक घामाने चिकटलेलं, बाजूला तोच मास्तर नाकाला रुमाल लावून बसलेला. पण मी कबूल केलं नाही. माझ्या कागदावर दोन रेघा होत्या.

मासळीवाल्यांना बाबांनी घेणं बंद केलं. नवी गाडी, छोटी डिकी, काय करणार. रोजच्या उतारूंतली एक म्हातारी मासळीवाली पेडण्याच्या बाजारात पाटी खाली ठेवून गाडीसमोर उभी राहिली.

"घेना म्हाका?"

"जागो ना गो मावशे."

"जागो ना, काय वास नाका?" तिने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. "आमची घाण जाली आतां! ह्याच घाणीर तुजो पूत कॉलेजीन पावलो न्हय रे?"

बाबांनी गाडी सुरू केली. आरशात ती कितीतरी वेळ दिसत होती, कमरेवर हात ठेवलेली.  मी पुस्तक उघडून बसलो होतो. मला स्वतःची शिसारी आली, असं आज म्हणायला सोपं आहे. तेव्हा मी फक्त पान उलटलं.

मग काल्याचा दिवस आला.

आईने आदल्या दिवशीच चादर आणि उशी काढून ठेवली होती. सकाळी नवं लुगडं नेसून, भावासाठी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन ती गाडीपाशी आली. बाबांनी मागचं दार उघडलं. ती सवयीने उलटी वळून आत सरकली, पाठ पलीकडच्या दाराला लावली, पाय समोर घेतला. पाय दाराबाहेर उरला. घोट्यापासून पुढचा सगळा.

उशी काढली. तरी उरला. "मातशी वयर सर," बाबा म्हणाले. ती जास्तीत जास्त ताठ बसली, डोकं छपराला लागलं. दार वीतभर उघडंच. पुढच्या सीटवर तर तेवढीही जागा नव्हती. मग पुढची सीट पुढे ढकलून तिरका पाय घालून बघितला, गुडघा आखडलेला, तो कसा वळणार. तिच्या कपाळावर घाम आला. दार दोरीने बांधून न्यावं असं शेजारच्याने सुचवलं. बाबा म्हणाले, दार उघडून आई पडली तर?

शेवटी आई स्वतःच म्हणाली, "जनेल उगड."

काच खाली केली. ती पूर्ण खाली जातच नव्हती, चार बोटं वर राहायची. त्या काचेच्या काठावर पंचा घडी करून ठेवला, आणि आईने दोन्ही हातांनी पाय उचलून टाच त्यावर ठेवली. पाऊल खिडकीबाहेर. अशी आम्ही गाडी काढली.

मी पुढे बसलो होतो. बाजूच्या आरशात मला रस्ता दिसत नव्हता, आईचं पाऊल दिसत होतं. तळव्याच्या भेगा, जोडवी, टाचेवरचा मातीचा जुना डाग. कधी कुणाला न दिसलेला तळवा आता बसस्टॉपवरच्या प्रत्येकाला दिसत होता. ती लुगड्याचा काठ ओढून झाकायची, वाऱ्याने तो पुन्हा उडायचा. म्हापशाच्या बाजारात गाडी अडकली. स्कूटरवरचे दोघे बाजूला येऊन थांबले.

"मावशे, पांय भितर घे, ना जाल्यार ताचेंय तिकीट पडटलें!"

दुसरा म्हणाला, "आरे, सिग्नल दिता ती. दावेकडेन वळटा!"

बाजूची माणसं हसली. त्यांतला एक माझ्या वर्गातला होता. मी मान खाली घातली. आई हसली नाही, रागावलीही नाही. तिने डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्या रस्त्यावर, ज्या रस्त्यावर ती कधी गप्प बसत नसे, ती एक शब्द बोलली नाही.

डिचोलीच्या पुढे खनिजाचे ट्रक सुरू झाले. लाल धूळ आधी तिच्या पावलावर बसली, मग काचेच्या फटीतून आत येऊन लाडवांच्या डब्यावर. आमोण्याला पोचलो तेव्हा घोट्यापर्यंत पाय विटेसारखा लाल झाला होता. पंचा वाटेत कुठेतरी उडाला होता, आणि काचेच्या काठाने टाचेच्या वरची कातडी सोलली होती. लाल धुळीत लाल रक्त, आधी कळलंही नाही.

मामा दारात आला. दम लागलेला. "बाय, नवी गाडी गो?"

"होय," आई म्हणाली. "बरी आसा."

ती घरात गेली नाही. विहिरीच्या कट्ट्यावर बसून तिने पाणी मागितलं आणि पाय धुतला. मी पाणी घालत होतो. ती म्हणाली, "फुडल्या वर्सा हांव येवचें ना. तुमी वचून येयात. देवान कौल दिलोलो आसा, तुजेर वा बाबाचेर म्हजो राग ना."

मी म्हणालो, "देवान मोठी विकूंक सांगूंक ना, आई. तें आमी इचारूंकच ना."

तिने माझ्याकडे बघितलं. "म्हाका खबर आसा," ती म्हणाली. "हांवें तुका इचारिल्लें."

पुढच्या काल्याला महिना उरला असताना मामाचा निरोप आला की त्याला अंथरुणातून उठवत नाही, एकदा बायने येऊन जावं. बाबा मला घेऊन मोरजीला गेले. एका दिवसापुरती मोठी गाडी मागायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गाडी हॉटेलच्या आवारात वाळूत उभी होती. चाकं नव्हती. बॉनेट काढून इंजिनाच्या जागी माती भरली होती आणि तिच्यात पांढऱ्या सदाफुल्या लावल्या होत्या. अंगावर रंगीत मासे रंगवलेले. एक परदेशी जोडपं तिला टेकून फोटो काढत होतं. बाबांनी गाडी मागितली तेव्हा मालक हसत म्हणाला, "व्हरात मगे! पूण इंजीन भंगारवाल्यान व्हेलां." मागचं दार उघडलं तर आत बिअरच्या रिकाम्या बाटल्या, आणि सीटवर एक कुत्री पिल्लं घेऊन झोपलेली. मुताचा, आंबलेल्या बिअरचा आणि ओल्या केसांचा वास एकदम अंगावर आला. मी तोंडावर हात धरून मागे सरकलो. मासळीची घाण आमची तरी होती. ही कुणाची होती?

बाबा मागे सरकले नाहीत. त्यांनी वाकून सीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वीत मोजली. कुत्री गुरगुरली, त्यांनी तिला बाजू देऊन पुढे मोजली. सात. मग म्हणाले, "हें आदीं मापपाचें आसलें."

मालकाला सीट नकोच होती. पिल्लं गोणपाटावर ठेवली आणि आम्ही सीट उचलून आणली.

मी ती तीन दिवस धुतली. पडवीतून खराटा आणि फिनेलची बाटली काढली. कुत्र्याचा वास गेला, बिअरचा गेला. त्याखाली होता तो गेला नाही.

सावंतवाडीकडचा एक टेंपोवाला खाणीवरून सामान आणत असे, तो डिचोलीला रिकामा जाताना आम्हाला आमोण्यापर्यंत न्यायला तयार झाला. बाबा म्हणाले, टेंपोतून बाईमाणसाला नेणं बरं दिसेल का, एकदा कौल घेऊ. आई चुलीपुढून म्हणाली, "देवाक त्रास दिवं नाकात. टेंपोची फळी मापून येयात."

बाबा मापून आले. सीट बसत होती.

टेंपोच्या हौद्यात सीट आडवी बांधली, वर ताडपत्री. आई दोरीला धरून चढली, उशीला पाठ लावली, पाय सरळ केला. टाचेपुढे जागा उरली. मी तिच्या पायाशी बसलो. धारगळ येईपर्यंत ती ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तें छप्पर पळय, पत्रे घाले तांणीं." पुढे कोलवाळचा पूल आला तेव्हा ती कुणाच्या तरी शेताबद्दल सांगत होती.

ऊन तापलं तसा सीटमधून तो जुना वास वर यायला लागला.  खोटं कशाला लिहू, मला तो वास अजूनही सहन होत नाही.

"वास येता न्हय रे अजून?" आईने विचारलं.

"येता. परत धुतां घरा गेल्यार."

"नाका," ती म्हणाली. "रांव दी तो."

मी तोंड ताडपत्रीच्या फटीकडे केलं आणि बाहेरची हवा घेतली. मागे ती बोलत राहिली.